घेर नंतर, आधी आसन: पातळ सुती कापडाची सैल पँट घरी शिवताना

सैल पँट म्हटली की सगळ्यांचं लक्ष आधी पायाच्या घेराकडे जातं. घेर मोठा की पँट आरामाची, असा सरळ हिशेब. पण दुकानातून आणलेली एखादी पलाझो घालून विळीवर बसून बघा, नाहीतर अंगणात उकिडवं बसून सुकत घातलेली आमसुलं परता. घेर तीस इंच असला तरी मागची कंबर खाली ओढली जाते, पुढे पोटाला काचतं आणि पायांमधल्या शिवणीवर ताण येतो. दोन-तीन महिन्यांत पँट तिथेच उसवते. पँटचा खरा आराम आसनात असतो, म्हणजे कमरेपासून पायांच्या सांध्यापर्यंतच्या भागात आणि तिथल्या गोलाईत. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी आसनाला दिली आहे. बाकीची शिवण सोपी आहे. सरळ टीप मारता येणाऱ्या कुणालाही दोन दुपारींत जमेल.

आपल्याकडे हे शिकण्यासारखं आहे त्याला कारण हवा. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर मे महिन्यात पारा तेहेतीस-चौतीसच्या आसपास असतो, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम सुकत नाही. लेगिंग मांडीला चिकटून बसते आणि कमरेला घामोळं उठतं. सुती कापडाची मोकळी पँट घातली की चालताना आत हवा खेळते आणि घाम कापड शोषून घेतं. पावसाळ्यातही पातळ सुती पँट पंख्याखाली रात्रभरात वाळते. जीन्स तीन दिवस दोरीवर राहते आणि तिला कुबट वास येतो.

कापड

कॅम्ब्रिक, मऊ पॉपलीन, छापील सुती किंवा पातळ खादी, यांतलं काहीही चालेल. मलमल आणि व्हॉइल हाताला फार सुखद लागतात, पण पँटसाठी एकेरी वापरू नयेत. गुडघ्यापर्यंत अस्तर लावणार असाल तरच घ्या, आणि अस्तर लावलं की अर्धा गारवा गेला. माझी पसंती गडद किंवा भरगच्च छापाच्या कॅम्ब्रिकला.

दुकानात तीन गोष्टी करून बघा. कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून चोळा. पांढरी भुकटी झडली तर कापडाला खळ भरपूर आहे. धुतल्यावर ते निम्मं विरळ दिसेल. मग कापडामागे हात धरून बोटं दिसतात का बघा. तिसरी परीक्षा कोकणात सगळ्यात महत्त्वाची: दुकानदाराला विचारून कोपऱ्याला पाण्याचं बोट लावा आणि पुन्हा बघा. कोरडं असताना जाड वाटणारं फिकं कापड भिजल्यावर आरपार दिसतं, आणि जून ते सप्टेंबर आपण बाहेर पडल्यावर भिजणारच असतो. फिक्या रंगाला तांबड्या मातीचे शिंतोडेही धरून बसतात. साबणाने ते पूर्ण जात नाहीत. म्हणून रोजच्या पँटला विटकरी, गर्द निळा, मेंदी, जांभळा असे रंग बरे.

४४ इंची पन्ह्याचं, म्हणजे तेवढ्या रुंदीचं, अडीच मीटर कापड पुरतं. या पन्ह्यात सीट, म्हणजे नितंबांचा घेर, ४८ इंचांपर्यंत असेल तर जोड द्यावा लागत नाही. हातमागाचं कापड बऱ्याचदा ३६ इंची असतं. त्यात सीट ४० पर्यंत नीट बसते, त्यापुढे मागच्या भागाच्या टोकाला छोटा जोड द्यावा लागतो.

कपाटात सुती साडी पडून असेल तर पहिली पँट तिचीच शिवा. साडीत एक सोय आहे. कागदी साचा साडीच्या लांबीला आडवा ठेवला की काठ बरोबर पायाच्या खालच्या कडेला येतो. खाली दुमडायला नको आणि काठाच्या वजनाने पाय छान खाली पडतो. साडीचा पन्हा साधारण ४४-४५ इंच असतो, त्यात पँटची लांबी नेफ्यासकट, म्हणजे इलास्टिक ओवायच्या कमरेच्या दुमडीसकट, बसते. मात्र कापण्याआधी साडी उजेडासमोर धरा. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, तो आसनाला येऊ देऊ नका.

कोरं कापड कापण्याआधी भिजवलंच पाहिजे. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं. अडीच मीटरमध्ये पाच टक्के म्हणजे जवळजवळ पाच इंच झाले, आणि आटलेली पँट आसनात आखूड होते. साध्या पाण्यात रात्रभर बुडवा, न पिळता निथळत ठेवा, सावलीत वाळवा. किंचित दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. रंग सोडणारं कापड वेगळं भिजवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा.

मशीन आणि सुई

पायमशीन असेल तर उत्तम. पावसात वीज गेली तरी काम थांबत नाही. समुद्राजवळच्या घरांत सुया आणि टाचण्या खारट हवेने गंजतात, आणि गंजक्या टाचणीचा डाग सुती कापडावरून सहजी निघत नाही. म्हणून टाचण्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि कापडात टोचून रात्रभर सोडू नका. मशीनला तेल मशीनचंच द्या. खोबरेल कधीच नको. ते आत घट्ट होऊन चिकटा धरतं. तेल दिल्यावर आधी चिंधीवर टीप मारा, मग कापड घ्या. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा भुसा दमट हवेत गच्च बसतो, तो ब्रशने काढा.

पातळ सुती कापडाला ११ नंबरची नवी सुई लावा. जाड जीन्सला वापरलेली सुई मोठी भोकं पाडते. टाके इंचाला दहा-बारा. कापड आकसून चुण्या पडत असतील तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा आणि शिवताना कापड पुढून-मागून हलकं ताणून धरा. टीप सुरू करताना पातळ कापड सुईबरोबर खाली ओढलं जातं; दोऱ्यांची दोन्ही टोकं मागे धरून ठेवली की तसं होत नाही.

मापं

टेप पातळ कपड्यावरून घ्या. हवीत ती मापं अशी: कंबर जिथे पँट बांधणार तिथली, सीट सर्वांत भरल्या जागेची, लांबी कमरेपासून हवी तिथपर्यंत, आसनाची उंची, आणि आसनाचा पूर्ण फेरा.

लांबी घोट्याच्या हाडाच्या दोन इंच वर ठेवा, असं माझं मत आहे. पावलावर लोळणारी पलाझो फोटोत छान दिसते, पण जांभ्याच्या पायऱ्या उतरताना टाच अडकते आणि पावसात कड चिखलात भिजत वर चढते.

आसनाच्या उंचीसाठी लाकडी खुर्चीवर ताठ बसा. बाजूने, कमरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंतचं अंतर मोजा. पूर्ण फेऱ्यासाठी टेप पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत न्या. तो घट्ट ओढू नका, अंगाला लागून राहू द्या. हे दुसरं माप बहुतेक जण घेत नाहीत आणि तेच आपल्याला वाचवतं.

उदाहरणादाखल कंबर ३४, सीट ४०, लांबी ३७, आसनाची उंची साडेदहा आणि पूर्ण फेरा २७ इंच धरू.

साचा

खाकी कागद घ्या, नाहीतर वर्तमानपत्रं चिकटवून मोठा कागद करा. डाव्या बाजूला ३७ इंचांची उभी रेषा ओढा. ही पँटची बाहेरची बाजू. तिच्या वरच्या टोकाला कमर, खालच्या टोकाला बॉटम. कमरेपासून साडेअकरा इंचांवर आडवी रेषा मारा, म्हणजे साडेदहा आणि वर एक इंच सैलपणा. ही आसनरेषा.

पुढचा भाग आधी. सीटचा चौथा भाग दहा, त्यात एक इंच सैलपणा, म्हणजे अकरा. बाहेरच्या रेषेपासून अकरा इंचांवर कमरेपासून आसनरेषेपर्यंत उभी रेषा ओढा. ही मधली रेषा. आता आसनरेषा तिच्या पुढे सीटच्या सोळाव्या भागाने, म्हणजे अडीच इंच, वाढवा. हे पुढचं टोक. मधली रेषा आणि आसनरेषा जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून तिरकं सव्वा इंचावर एक खूण करा. आसनरेषेच्या साडेतीन इंच वरून सुरू करून या खुणेवरून टोकापर्यंत गोल काढा. वर कमरेला मधल्या रेषेवर अर्धा इंच आत या आणि तिथून गोलाच्या सुरुवातीपर्यंत रेषा जोडा. खाली बॉटमला बाहेरच्या रेषेपासून बारा इंच मोजा आणि टोकापासून तिथपर्यंत आतली तिरकी रेषा ओढा.

मागचा भाग याच पद्धतीने, पण आकडे वेगळे, आणि सगळा आराम या फरकात आहे. रुंदी साडेअकरा. आसनरेषा पुढे सीटच्या आठव्या भागाने, म्हणजे पाच इंच वाढवायची. पुढच्या भागाच्या दुप्पट. वर कमरेला मधल्या रेषेपासून सव्वा इंच आत या आणि तिथून दीड इंच वर चढा. या उंच बिंदूपासून आसनरेषेच्या चार इंच वरपर्यंत तिरकी सरळ रेषा मारा. कोपऱ्यातली तिरकी खूण इथे पावणेदोन इंचांवर. त्यावरून टोकापर्यंत गोल काढला की त्याचा आकार मासे धरायच्या गळासारखा दिसतो: लांब दांडा आणि खाली रुंद वळण. बाहेरच्या बाजूची कमर आहे तिथेच राहते. तिथून उंच बिंदूपर्यंत कमरेची तिरपी रेषा जोडा. बॉटमला चौदा इंच. दोन्ही भाग मिळून पायाचा घेर सव्वीस इंच होतो. सायकल चालवणाऱ्यांनी प्रत्येक भागात एकेक इंच कमी करून चोवीस ठेवावा.

मागचा उंच चढ कशासाठी? उकिडवं बसल्यावर पाठीचा खालचा भाग आणि सीट पसरतात, मागे कापड जास्त लागतं. तो चढ नसेल तर कापड कमरेतून ओढून घेतलं जातं आणि पँट मागून उतरते. साध्या पायजम्यात पुढचा-मागचा भाग सारखाच कापतात आणि मधे मियानी, म्हणजे सांध्यात जोडायचा वेगळा तुकडा, घालून भागवतात. तेही चालतं, पण पातळ कापडात मियानीच्या टोकांवर ताण येऊन कापड फाटतं.

आता तपासणी. टेप उभी धरून, कडेवर चालवत, पुढच्या आसनाची रेषा कमरेपासून टोकापर्यंत मोजा, मग मागची. या मापांना बेरीज एकोणतीसच्या आसपास येईल. अंगाचा फेरा सत्तावीस असेल तर दोन इंच सैलपणा मिळाला. दीड ते दोन हवाच. कमी पडत असेल तर वाढ मागच्या भागात द्या, निम्मी वरच्या चढात आणि निम्मी टोकात. पुढे वाढवलं तर पोटाखाली नुसता फुगा येतो.

दुसरी तपासणी आतल्या तिरक्या रेषांची. पुढची आणि मागची मोजून बघा. मागची पाव-अर्धा इंच लांब निघाली तर मागचं टोक तेवढंच खाली घ्या, म्हणजे शिवताना दोन्ही टोकं बरोबर भिडतील. तिसरी कमरेची: पुढचे-मागचे चारही भाग कमरेला मिळून सीटच्या मापापेक्षा निदान एक इंच जास्त असले पाहिजेत, नाहीतर इलास्टिकची पँट सीटवरून वर चढणार नाही. आपल्या उदाहरणात ती साडेएकेचाळीस आहे.

माया, म्हणजे शिवणीसाठी रेषेबाहेर ठेवायचं जास्तीचं कापड, सगळीकडे अर्धा इंच द्या. बॉटमला दोन इंच आणि कमरेला नेफ्यासाठी पावणेदोन इंच. नेफ्याची माया कापताना आधी कागद कमरेच्या रेषेवर मागे दुमडा आणि दुमडलेला असतानाच कडा कापा. मागची मधली रेषा तिरकी आहे. नुसती वर वाढवली तर नेफा दुमडल्यावर कमी पडतो आणि पाठीमागे चुण्या येतात.

कापणं

कापड सुलट बाजू आत घेऊन लांबीत दुहेरी घाला, काठावर काठ. जमिनीवर चटई पसरून तिच्यावर अंथरलं तर सरकत नाही. साच्याची बाहेरची रेषा काठाला समांतर ठेवा आणि दोन ठिकाणी टेपने अंतर तपासा. उभा धागा तिरका गेला की पँटचा पाय धुतल्यानंतर एका बाजूला फिरतो. मागचा भाग वर, पुढचा त्याच्याखाली. छाप एकदिश असेल तर दोन्हींची कमर एकाच दिशेला हवी. खडूने आखा आणि सपाट कातर चालवा. आसनरेषेवर बाहेरच्या बाजूला दोन्ही भागांना छोटा छेद द्या. पाव इंचापेक्षा कमी. कापून उरलेल्या पट्ट्यांतून खिसे निघतात.

खिसा

खिसा नसलेली पँट मी कुणाला सुचवणार नाही. पण पातळ कापडात मोबाइलचं वजन बाजूच्या शिवणीला लटकलं की पँट त्या बाजूला ओघळते. म्हणून खिशाची वरची कड नेफ्यात आणि बाहेरची कड बाजूच्या शिवणीत अडकवायची. मग वजन कमरेवर येतं.

साडेसात इंच रुंद, बारा इंच लांब असे दोन तुकडे घ्या. बाहेरचा वरचा कोपरा तिरका कापा: वरच्या कडेवर आतून तीन इंचांवरून सुरू करून बाहेरच्या कडेवर सात इंच खालपर्यंत. हे खिशाचं तोंड. ही कड तिरक्या धाग्यावर पडते आणि रोज हात घालून ओघळते. त्यासाठी कापडाच्या काठाची अर्धा इंच रुंद पट्टी कापून घ्या. काठ ताणला जात नाही, तो इथे उपयोगी पडतो. तोंडाची कड उलट बाजूला दोनदा दुमडा, दुमडीत ही पट्टी घाला आणि दोन दाबटिपा मारा. खिशाच्या आतल्या आणि खालच्या कडा अर्धा इंच आत मुडपून इस्त्री करा. मग पुढच्या भागावर, कमरेच्या रेषेच्या पाऊण इंच खाली वरची कड ठेवून आतली आणि खालची बाजू टीप मारून बसवा. तोंडाच्या वरच्या टोकाला मागे-पुढे टाके देऊन पक्कं करा. बाहेरची कड आत्ता धावदोऱ्याने धरून ठेवा, ती बाजूच्या शिवणीत जाईल.

शिवणं

बाजूच्या आणि आतल्या शिवणींना फ्रेंच सीम घाला. घरी इंटरलॉक, म्हणजे कडेचे धागे बंद करणारं मशीन, नसतं, आणि कापडाचे सुटे धागे घामट मांडीला घासले की खाज येते. आधी उलट बाजू उलट बाजूला लावून, म्हणजे सुलट बाहेर ठेवून, पाव इंचावर टीप मारा. माया निम्मी कापून टाका. मग कापड उलटून, शिवण नखाने आणि इस्त्रीने कडेला आणून, पुन्हा पाव इंचावर टीप. सगळे धागे आत बंद होतात.

आधी बाहेरच्या बाजू, मग प्रत्येक पायाची आतली शिवण. आता दोन सुटे पाय तयार झाले. एक पाय सुलटा करा, दुसरा उलटाच ठेवा, आणि सुलटा पाय उलट्याच्या आत घाला, म्हणजे सुलट बाजूला सुलट बाजू लागेल. आतल्या शिवणी जिथे भेटतात तिथे पहिली टाचणी. एका पायाची शिवण पुढे वळवा, दुसऱ्याची मागे. दोन्ही एकाच बाजूला वळल्या तर तिथे जाड गाठ होते आणि बसताना ती टोचते. या टाचणीपासून पुढे आणि मागे कमरेपर्यंत टाचत जा.

इथे पक्की टीप मारण्याची घाई करू नका. हाताने लांब धावदोरा घाला, कमरेला सुतळी किंवा नाडी बांधा आणि पँट घालून बघा. उकिडवं बसा, मांडी घालून बसा, एक पाय पायरीवर ठेवा. कुणाला तरी मागून बघायला सांगा. मागची कमर खाली सरकली तर चढ कमी आहे. नेफ्याच्या मायेतून मागे अर्धा इंच सोडता येतो, पुढच्या पँटसाठी कागदावर वाढवून ठेवा. सांध्यापासून मांडीकडे आडव्या घड्या ओढल्या गेल्या तर टोकाची रुंदी कमी पडते आहे, तिथली माया अर्ध्याऐवजी पाव इंच घ्या. सीटखाली कापड लोंबत असेल तर मागचा गोल थोडा खोल हवा, पण अगदी सुताभर. एकदा कापलेलं परत येत नाही. उभं राहिल्यावर जरासं लोंबणारं कापड मी तसंच ठेवते. बसताना तेच लागतं.

समाधान झालं की पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एकसंध टीप मारा, टाका थोडा बारीक. सांध्यावरचा जाड भाग आला की पायाने न चालवता हाताने चाक फिरवा. मग पहिल्या टिपेच्या आत, मायेच्या बाजूला, एक सूत, म्हणजे पाव इंचाच्या निम्म्या, अंतरावर दुसरी टीप. गोलाईतली माया पाव इंचापर्यंत कापा. अर्धा इंच तशीच राहिली तर आत चुरगळून बसते. कापलेल्या कडेला झिगझॅग मारा, नाहीतर गावात इंटरलॉक करून आणा. तेही नसेल तर तिरक्या पट्टीचा गोट लावा. आसनाला फ्रेंच सीम घालू नका. वळणावर ती ताठ होते.

नेफा आणि बॉटम

कमरेची कड अर्धा इंच आत दुमडून इस्त्री करा, मग सव्वा इंच दुमडा. खालच्या कडेलगत टीप मारा, खिशांच्या वरच्या कडा त्यात येतात ना ते बघत. मागच्या मधल्या शिवणीजवळ दोन इंच जागा उघडी ठेवा. वरच्या कडेलाही एक दाबटीप मारली तर इलास्टिक आत फिरत नाही, पण ती अगदी कडेलगत हवी.

इलास्टिक एक इंच रुंद, मऊ विणीचं घ्या. पाव इंची बारीक इलास्टिक गोल होऊन कमरेत रुततं आणि आपल्याकडच्या घामाला तिथेच चट्टे उठतात. लांबी कमरेपेक्षा दोन-तीन इंच कमी आणि जोडासाठी एक इंच जास्त: ३४ कमरेला बत्तीस किंवा तेहेतीस इंच. एका टोकाला सेफ्टीपिन लावून ओवा, दुसरं टोक उघड्या जागेजवळ टाचून ठेवा, नाहीतर तेही आत जाईल. टोकं एकमेकांवर एक इंच चढवून चौकोनी टीप मारा. घालून बघा, चुण्या सारख्या वाटा, आणि बाजूच्या दोन्ही शिवणींवर उभी छोटी टीप मारून इलास्टिक जागेवर बांधा.

मागची उघडी जागा मशीनने बंद करू नका. हाताने मोठे टाके घाला.

बॉटमसाठी पँट एक रात्र टांगून ठेवा. तिरकी कापलेली आतली बाजू थोडी खाली येते. दुसऱ्या दिवशी घालून, जमिनीपासून पट्टीने खूण करून खालची कड सारखी कापा. मग अर्धा इंच आणि दीड इंच दुमडून टीप मारा. रुंद दुमडीच्या वजनाने पातळ पाय वाऱ्यावर उडत नाही. मुलीसाठी शिवत असाल तर दुमड तीन इंचांची ठेवा, पुढच्या वर्षी सोडता येते. साडीचा काठ खाली असेल तर फक्त काठाची कड तपासा, सुटली असेल तर बारीक तुरपाई.

वापरताना

पहिली पँट महिनाभर घालून मग दुसरी कापा. कागदावर तारीख, कापडाचं नाव आणि केलेले बदल लिहा. खाकी कागद गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, पावसात तो ओलसर होऊन ताणला जातो. गणपतीसाठी शिवायच्या असतील तर कापड जूनच्या आधी भिजवून वाळवून घ्या. श्रावणात भिजवलेलं अडीच मीटर कापड वाळायला दोन दिवस लागतात, आणि तेव्हा गावातल्या टेलरकडे इंटरलॉकलाही रांग असते.

धुताना गरम पाणी आणि ब्लीच टाळा, दोन्हींनी इलास्टिक लवकर मरतं. वाळत घालताना कमर खाली नको, वर ठेवा, म्हणजे पाणी इलास्टिकमध्ये साचत नाही आणि नेफा कुबट होत नाही. काजूचा किंवा आंब्याचा चीक लागला तर तो डाग राहणार हे धरून चला. बागेत जाताना जुनी पँट घाला.

आपल्या हवेत इलास्टिक कापडाच्या आधी ढिलं पडतं. तसं झालं की मागचे हाताचे टाके उसवा, बाजूच्या दोन छोट्या टिपा काढा, आणि जुन्या इलास्टिकचा जोड उकलून त्याच्या एका टोकाला नवं शिवा. दुसऱ्या टोकाने जुनं ओढत नेलं की नवं आपोआप नेफ्यात ओवलं जातं.